प्रवेश आणि वास्तव्य : ‘पीपल्स टेंपल’ या पंथाच्या इतिहासाचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

१८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतील गयाना या देशाच्या वायव्य भागात, घनदाट अरण्यात वसविलेल्या ‘जोन्सटाउन’ नामक वसाहतीत, ९०९ स्त्रीपुरुष व मुले मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी जवळच्या पोर्ट कैटुमा येथील धावपट्टीवर पाच आणि जॉर्जटाउन या राजधानीत चार, अशा आणखी नऊ जणांचा अंत झाला. एकूण संख्या ९१८. वसाहतीतील बहुतेक मृत्यू सायनाइड या विषाने झाले. हे सर्व लोक जिम जोन्स या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या ‘पीपल्स टेंपल’ या पंथाशी निगडित होते. अपवाद फक्त बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा.

या घटनेचा जगाने जो अर्थ लावला, त्याची खूण इंग्रजी भाषेत आजही शिल्लक आहे. ‘कूल-एड पिणे’ हा वाक्प्रचार त्या भाषेत आंधळेपणाने कोणाच्या तरी मागे जाणे या अर्थी रूढ झाला. त्या दिवशी विष कालविले गेले ते मुख्यतः ‘फ्लेवर एड’ या दुसऱ्याच स्वस्त पेयात. परंतु वाक्प्रचाराला वस्तुस्थितीची फारशी गरज नसते. त्याने निकाल तेवढा दिला: मेलेले लोक मूर्ख होते. वृत्तपत्रांनी वापरलेल्या ‘सामुदायिक आत्महत्या’ या शब्दाचीही तीच गत आहे. मृतांमध्ये अठरा वर्षांखालील मुले तीनशेहून अधिक होती. लहान मुलाच्या तोंडात दुसऱ्याने विष ओतले असता त्यास आत्महत्या म्हणता येत नाही.

हे लोक तेथे गेलेच कसे, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. परंतु बारकाईने पाहता हा एक प्रश्न नसून दोन आहेत. अनुयायांच्या संपूर्ण जीवनावर ताबा सांगणाऱ्या पंथात माणसे शिरतात का, हा पहिला. आणि शिरल्यावर तेथेच राहतात का, हा दुसरा. या दोहोंची सरमिसळ झाली की शेवटच्या दिवसावरून पहिल्या दिवसाचा अर्थ लावला जातो, आणि अनुयायी एक तर वेडे ठरतात किंवा मंत्रमुग्ध ठरतात. टेंपलच्या इतिहासावरून असे दिसून येते की, प्रवेशाची कारणे आणि वास्तव्याची कारणे सर्वस्वी भिन्न होती. मात्र दोहोंना नाव देणारे शब्द तेच राहिले. शब्द कायम राहून त्यांचे अर्थ पालटत गेले, हे या इतिहासातील मर्मस्थान होय.

२. प्रवेश

जिम जोन्स याचा जन्म १९३१ साली इंडियाना राज्यात झाला. त्याने १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास इंडियानापोलिस येथे आपले प्रार्थनामंदिर स्थापन केले. त्या काळी त्या शहरातील गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची चर्चे वेगळी, वस्त्या वेगळ्या आणि दफनभूमीही बहुधा वेगळ्या. अशा ठिकाणी जोन्सच्या मंदिरात दोन्ही वर्णांचे लोक एकाच बाकावर बसत व एकाच गायनवृंदात गात. भुकेलेल्यांसाठी तेथे अन्नछत्र होते, वृद्धांसाठी शुश्रूषागृहे होती. जोन्स दांपत्याने कोरियन व कृष्णवर्णीय मुले दत्तक घेतली. १९६१ साली शहराच्या मानवी हक्क आयोगाचा संचालक म्हणून जोन्सची नेमणूक झाली, आणि उपाहारगृहे व रुग्णालये यांतील वर्णभेद मोडण्यासाठी त्याने खटपट केली. या गोष्टी दिखाऊ नव्हत्या. ज्यांना त्यांचा लाभ झाला त्यांच्या दृष्टीने त्या पूर्णतः खऱ्या होत्या.

हायसिंथ थ्रॅश व झिपोरा एडवर्ड्स या दोन कृष्णवर्णीय भगिनींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दक्षिणेतून इंडियानापोलिसला येऊन स्थायिक झालेल्या या बहिणींनी १९५७ च्या सुमारास दूरचित्रवाणीवर टेंपलचा गोऱ्याकाळ्यांचा मिश्र गायनवृंद पाहिला आणि आपल्याला हवे होते ते देवघर हेच, असे त्यांना वाटले. पुढे थ्रॅशबाईंचा असा विश्वास बसला की, जोन्सच्या प्रार्थनेने आपला कर्करोग बरा झाला. जोन्सचे हे ‘चमत्कार’ पुष्कळदा बनावट असत. कर्करोगाची गाठ म्हणून कोंबडीचे काळीज दाखविले जाई, हे नंतर उघडकीस आले. तथापि या बहिणींना मंदिराकडे प्रथम ओढले ते चमत्काराने नव्हे. समानतेच्या दृश्याने त्यांना ओढले. चमत्कार मागाहून आला.

१९६५ साली जोन्स सुमारे १४० अनुयायांसह कॅलिफोर्नियातील रेडवुड व्हॅली येथे गेला. अणुयुद्ध झाल्यास तो भाग सुरक्षित राहील, अशी त्याची समजूत होती. तेथे पंथाला वेगळ्या प्रकारचे लोक मिळाले: सुशिक्षित, गोरे, तरुण, व्हिएतनाम युद्ध व वर्णद्वेष यांमुळे अस्वस्थ झालेले आणि केवळ बोलत न बसता काही करून दाखवू इच्छिणारे. १९७० नंतर सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस येथे शाखा निघाल्या आणि शहरातील कृष्णवर्णीय श्रमिक कुटुंबे मोठ्या संख्येने आली. सॅन फ्रान्सिस्कोचे मंदिर फिलमोर विभागात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोद्यांमधील कामासाठी दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय लोक त्या विभागात स्थिरावले होते. नंतर नगरसुधारणेच्या नावाखाली त्यांचीच घरे पाडली गेली. ज्यांची वस्ती विस्कटली, त्यांना टेंपलने वस्ती दिली. कज्जेखटल्यांत वकील दिला, व्यसनाधीन मुलाला सोडवून आणले, म्हातारीला दवाखान्यात नेले, महाविद्यालयात जाणाऱ्यांना वसतिगृह दिले.

मेरी मागा या अभ्यासिकेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टेंपल हा एक पंथ नसून तीन समूहांची मोट होती, असे प्रतिपादन केले आहे: इंडियानापोलिसचे मूळ अनुयायी, कॅलिफोर्नियातील तरुण गोरे सुशिक्षित, आणि शहरी कृष्णवर्णीय. पहिल्यांना देव हवा होता, दुसऱ्यांना क्रांती, तिसऱ्यांना निवारा व मान. तिन्ही गरजा रास्त होत्या. अखेर जोन्सटाउनमध्ये जे राहावयास गेले त्यांपैकी सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट त्यांच्या भोळेपणाविषयी काही सांगत नाही. भोवतालच्या समाजाने त्यांना काय नाकारले होते, ते मात्र सांगते.

समाजशास्त्रज्ञांची निरीक्षणे याला पूरक आहेत. जॉन लोफलंड व रॉडनी स्टार्क यांनी १९६५ साली एका लहान धर्मपंथाच्या अभ्यासावरून असे दाखविले की, मतांतर बहुधा मतांमुळे होत नाही. आतील माणसांशी जडलेला स्नेह बाहेरच्या स्नेहाहून बळकट झाला की माणूस आत जातो, आणि सिद्धान्त त्यास नंतर पटतो. आयलीन बार्कर यांनी १९८४ साली युनिफिकेशन चर्चविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या पंथाच्या प्रास्ताविक शिबिरास गेलेल्यांपैकी शंभरांत दहाही पूर्णवेळ सभासद झाले नाहीत, आणि झालेल्यांपैकीही पुष्कळ जण पुढे बाहेर पडले. मनोहरण करण्याची एखादी अमोघ विद्या अशा पंथांजवळ असती तर हे आकडे वेगळे दिसले असते.

३. वास्तव्याची यंत्रणा

मग राहणे कशामुळे घडले? रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७२ साली एकोणिसाव्या शतकातील ३० अमेरिकन सामुदायिक वसाहतींची तुलना केली. त्यांपैकी नऊ टिकल्या, एकवीस लवकरच मोडल्या. टिकलेल्या वसाहतींत सभासदांकडून त्याग मागितला जाई, मालमत्ता सामाईक होई, बाहेरचे संबंध तोडले जात आणि व्यक्तीचा अहंभाव सार्वजनिक रीत्या खच्ची केला जाई. वसाहत जितके अधिक मागे, तितकी ती अधिक टिके, असा हा वरवर उफराटा वाटणारा निष्कर्ष आहे. त्याचे कारण साधे आहे. ज्या गोष्टीसाठी माणसाने पुष्कळ मोजले आहे, ती व्यर्थ होती असे म्हणणे म्हणजे आपले आयुष्यच व्यर्थ गेले असे म्हणणे होय.

टेंपलमध्ये ही यंत्रणा पायरीपायरीने उभी राहिली. आरंभी उत्पन्नाचा काही अंश, पुढे चतुर्थांश, अखेरीस घर, वेतन व निवृत्तिवेतन सर्वच पंथाकडे जाऊ लागले. सुटीचे दिवस बसगाड्यांतून रेडवुड व्हॅली, सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस यांच्या दरम्यान प्रवास करण्यात आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या सभांत जात. झोप व सवड ही दोन्ही दुर्मिळ झाली. सभासदांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जात, न केलेल्या अपराधांचे कबुलीजबाब लिहून घेतले जात. मुले आईबापांपासून काढून दुसऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवली जात. ज्याला बाहेर पडावयाचे असेल त्याच्यापुढे घर नव्हते, शिल्लक नव्हती, बाहेरचे मित्र नव्हते. आणि पतीने जावे तर पत्नी आत, आईने जावे तर मूल आत, अशी स्थिती होती.

यांपैकी कोणतीही एक पायरी एकदम उंच नव्हती. शेवटची पायरी प्रथमच दाखविली असती तर कोणीही वर चढला नसता. प्रत्येक वेळी मागितले गेले ते कालच्यापेक्षा थोडेसेच अधिक होते, आणि काल दिलेले आज देण्याचे कारण होऊन बसे.

त्यातच बाहेरून मिळणारी प्रतिष्ठा होती. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोचे नगराध्यक्ष जॉर्ज मॉस्कोनी यांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमले व पुढे तो त्याचा अध्यक्ष झाला. शहराचे धुरीण ज्याच्या शेजारी बसतात त्याच्याविषयी एखाद्या सामान्य सभासदाने शंका घ्यावी, ही अपेक्षा रास्त नव्हे.

४. शब्द तेच, अर्थ वेगळे

रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधील विचारपरिवर्तनाच्या मोहिमेवर १९६१ साली लिहिलेल्या ग्रंथात सर्वंकष विचारसरणीची आठ लक्षणे सांगितली. त्यांपैकी एक भाषेविषयी आहे. अशा समूहात भाषा ठरीव शब्दांनी भारली जाते आणि तो शब्द उच्चारला की विचार तेथेच थांबतो, असे त्यांचे म्हणणे आहे. टेंपलच्या बाबतीत अभ्यासकांजवळ असामान्य साधनसामग्री आहे. जोन्सटाउनमध्ये सापडलेल्या शेकडो ध्वनिफिती व असंख्य कागदपत्रे अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने जमा केली आणि त्यांचा मोठा भाग पुढे संशोधकांना उपलब्ध झाला. तीवरून असे दिसते की, टेंपलने नवे शब्द फारसे घडविले नाहीत. लोकांच्या ओठांवर आधीच असलेले, त्यांना प्रिय असलेले शब्दच त्याने घेतले.

‘फादर’ किंवा ‘डॅड’ हे संबोधन पाहावे. जोन्सने ते बहुधा फिलाडेल्फियातील फादर डिव्हाइन या कृष्णवर्णीय धर्मनेत्यावरून उचलले; त्याच्या आश्रमास जोन्सने १९५० नंतरच्या दशकात भेटी दिल्या होत्या. आरंभी या शब्दात आधार देणाऱ्या वडीलधाऱ्याचा अर्थ होता. जोन्सटाउनमध्ये रहिवासी ‘डॅड’ला उद्देशून पत्रे लिहीत, आणि त्यांत आपले दोष, आपल्या लपविलेल्या वासना व आपल्या मनातील शंका कबूल करीत. संबोधन तेच, परंतु पित्याच्या जागी न्यायाधीश येऊन बसला होता.

‘विरेचन’ हा ग्रीक नाट्यविचारातून आलेला शब्द. टेंपलमध्ये तो प्रथम मन मोकळे करण्याच्या बैठकींसाठी योजला गेला. पुढे त्याच नावाखाली भर सभेत निर्भर्त्सना व मारहाण होऊ लागली. जोन्सटाउनमध्ये शिक्षा म्हणून सक्तमजुरी करणाऱ्या टोळीचे नाव ‘शिकणाऱ्यांची टोळी’ असे होते, आणि विरोध करणाऱ्यांना गुंगीची औषधे देऊन जेथे ठेवीत त्या जागेस ‘विस्तारित शुश्रूषा विभाग’ म्हणत. ‘वचनदत्त भूमी’ हा शब्द तर गुलामगिरीच्या काळापासून अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनेत रुजलेला होता. मुक्तीचा सारा इतिहास त्यात साठला होता. जोन्सटाउनला तेच नाव मिळाले. ज्या भूमीतून परत येण्याची वाट नव्हती तिला मुक्तीचे नाव असल्यामुळे, ती भूमी नकोशी वाटणे हेच पाप ठरले.

सर्वांत दारुण अर्थांतर ‘क्रांतिकारक आत्महत्या’ या पदाचे होय. ब्लॅक पँथर संघटनेचे नेते ह्यूई न्यूटन यांनी १९७३ साली आपल्या आत्मचरित्रास हे नाव दिले. निराशेने मरण पत्करण्याहून वेगळी, मरणाचा धोका ओळखूनही जुलमाविरुद्ध उभे राहण्याची वृत्ती त्यांना त्यातून सांगावयाची होती. त्या पदाचा गाभा जगण्याच्या व लढण्याच्या इच्छेत होता. जोन्सने गाभा काढून टाकला आणि टरफल ठेवले. ‘श्वेतरात्र’ या नावाने होणाऱ्या आणीबाणीच्या रात्रसभांत सामुदायिक मरणाची चर्चा व काही वेळा रंगीत तालीमही होई. विष म्हणून पेय दिले जाई आणि मागाहून ही केवळ निष्ठेची परीक्षा होती असे सांगितले जाई. वारंवार उच्चारल्याने शब्द गुळगुळीत होतो, हा भाषेचा सर्वसामान्य नियम आहे. येथे मरण हा शब्दच गुळगुळीत झाला.

भाषाशास्त्रात अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष असे प्रकार सांगितले जातात व ते बहुधा शतकांच्या प्रवाहात घडतात. टेंपलमध्ये ते वीस वर्षांत, एका माणसाच्या इच्छेने आणि बंद कक्षेत घडले. भाषिक समाज खुला असतो तेव्हा एखाद्याने शब्द वाकविला तर शेजारी त्याला हटकतो. जोन्सटाउनमध्ये हटकणारा शेजारी नव्हता; कामाच्या वेळी व रात्रीही ध्वनिक्षेपकावरून एकच आवाज ऐकू येई, बाहेरच्या जगाची बातमीदेखील त्याच आवाजात येई.

५. जोन्सटाउन आणि ‘फितूर’

१९७४ पासून काही मोजके सभासद गयानात जंगल तोडून शेती करू लागले होते. १ ऑगस्ट १९७७ च्या ‘न्यू वेस्ट’ नियतकालिकात मार्शल किल्डफ व फिल ट्रेसी यांनी पंथ सोडलेल्या दहा जणांच्या साक्षी प्रसिद्ध केल्या. त्या उजेडात येण्याच्या सुमारासच जोन्सने अमेरिका सोडली, आणि काही महिन्यांत वसाहतीची संख्या एक हजाराच्या घरात गेली. तेथे पारपत्रे काढून घेतली जात व पत्रव्यवहार तपासला जाई. तथापि तेथेही मुलांसाठी शाळा होती, वृद्धांची शुश्रूषा होती आणि वर्णावरून होणारा रोजचा अपमान नव्हता. ही दुसरी बाजू वगळल्यास वास्तव्याचे कोडे सुटत नाही.

सभासद सोडून जात नसत, असे मात्र नव्हे. टेंपलमधून पुष्कळ लोक वेळोवेळी गेले, आणि शंकेखोर माणूस बाहेर पडला की आत राहणाऱ्यांतील शंकेचे प्रमाण घटे. १९७३ साली आठ तरुण सभासद निघून गेले. पंथात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय असूनही सत्ता मूठभर गोऱ्यांच्या हाती का, असा त्यांचा आक्षेप होता. समाजवादावरील आपली श्रद्धा त्यांनी नाकारली नव्हती. पंथाला हे घरचे गाऱ्हाणे म्हणून ऐकता आले असते. परंतु त्याच्या शब्दसंग्रहात अशा माणसासाठी एकच शब्द होता: फितूर. ‘मतभेदामुळे गेलेला’, ‘पूर्वीचा सहकारी’, ‘थकून परतलेला’ अशा अर्थाचा एकही उदासीन शब्द टेंपलच्या भाषेत रुजला नाही. जेथे निघून जाण्यास सभ्य नाव नसते, तेथे निघून जाण्याचा विचारही मनात सभ्यपणे येऊ शकत नाही. तो येतो तो अपराधाच्या वेषातच.

१९७८ च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेस-सदस्य लिओ रायन हे पत्रकार व काही नातेवाईक यांच्यासह चौकशीसाठी आले. १७ तारखेच्या रात्री भरलेल्या सभेत रायन यांनी, येथे असे लोक आहेत की ज्यांच्या आयुष्यात याहून चांगले काही घडले नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. सभागृह कितीतरी वेळ टाळ्यांनी दुमदुमत राहिले. त्याच रात्री एका सभासदाने सुटकेची याचना करणारी चिठ्ठी गुपचूप एका पत्रकाराच्या हाती दिली. टाळ्या व चिठ्ठी ही दोन्ही एकाच सभेतली होती, आणि इतिहासकाराला त्यांपैकी एकीस खरी व दुसरीस खोटी ठरविण्याचा अधिकार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जण, लहान मुलांसह, वनभोजनाचे निमित्त करून रानातून पायी निघून गेले व वाचले. दुपारी रायन यांच्याबरोबर उघडपणे निघालेल्यांची संख्या पंधराच्या आसपास होती. सुमारे हजारांपैकी पंधरा! कोणत्याही संस्थेला ही गळती नगण्य वाटली असती, आणि रायन यांचा कल काही प्रमाणात अनुकूलच होता. परंतु जाणाऱ्यासाठी ‘फितूर’ हाच एक शब्द असलेल्या समूहाला पंधरा फितूर म्हणजे सर्वनाश. धावपट्टीवर रायन व अन्य चौघांची गोळ्या घालून हत्या झाली, आणि वसाहतीत सर्वांना मंडपात बोलावण्यात आले.

त्या अखेरच्या सभेची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तीत जोन्स वारंवार विश्वासघाताविषयी बोलतो. क्रिस्टीन मिलर या कृष्णवर्णीय स्त्रीने त्याला विरोध केला. रशियाला जाण्याचा मार्ग उरला नाही काय, असे तिने विचारले. मुलांना जगण्याचा हक्क आहे असे सांगितले. आणि आपल्याला व्यक्ती म्हणून आपले मत मांडण्याचा अधिकार आहे, असे बजावले. तिला गप्प केले ते केवळ जोन्सने नव्हे. भोवतालच्या लोकांनीच तिचा आवाज बुडविला. तिची भाषा सर्वसामान्य माणसाची भाषा होती, आणि त्या मंडपात ती परकी झाली होती. सशस्त्र पहारेकरी सभोवती उभे होते. विष प्रथम मुलांना देण्यात आले. त्यानंतर आईबापांना ‘राहण्यासारखे’ काय उरले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

हायसिंथ थ्रॅश त्या सायंकाळी सभेला न जाता आपल्या खोलीतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या बाहेर आल्या तेव्हा वसाहत निःशब्द होती. मृतांत त्यांची बहीण झिपोरा होती.

६. समारोप

या इतिहासावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, प्रवेशाच्या वेळी दिसणाऱ्या गुणांवरून पंथाची परीक्षा करता येत नाही. बंधुभाव, सेवा, समता ही आश्वासने खरीही असतात, आणि जी माणसे त्यांकडे आकृष्ट होतात ती बहुधा समाजातील दुबळी नसून अधिक संवेदनशील किंवा अधिक नाडलेली असतात. त्यांना हसणारा समाज आपण त्यांना काय दिले नाही, हा प्रश्न टाळत असतो.

दुसरी अशी की, धोका ओळखावयाचा तो दाराच्या दुसऱ्या बाजूने ओळखावा लागतो. समूह किती मागतो, यापेक्षा तो सोडणाऱ्याला काय म्हणतो, हे अधिक सूचक आहे. मठ, संघ, पक्ष, चळवळी यांपैकी कित्येक आपल्या लोकांकडून कठोर त्याग मागतात. त्यांतील पुष्कळांत व्रत सोडून परतणाऱ्यास निदान एक सभ्य नाव व परतीची वाट असते. ज्या भाषेत असे नाव नसते, तेथील वास्तव्य स्वेच्छेचे आहे की सक्तीचे, हे तेथे राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. कारण तो भेद सांगण्यास लागणारा शब्दच त्याच्यापाशी उरलेला नसतो.